मार्सेयमध्ये मी कुठे जेवलो

आमच्याकडे लग्न असलं की दुसरी पंगत उठल्यावर आणि तिसरी बसायच्या आधी मला बोलावणं यायचं. पत्रावळी उचलल्या जात असायच्या, भात अजून शिजायचा असायचा आणि पाव्हणे चुळबुळ करत असायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "मामाले बसवा बरं खुर्चीवर. फ्रान्सचं हॉटेल सांगतील." मी थोडे आढेवेढे घ्यायचो आणि बसायचो. भात शिजेस्तोवर पुरेल एवढी माझी गोष्ट नक्कीच होती.

मार्सेय नावाचं शहर. समुद्राला लागून बंदर आणि बंदराला लागून ते हॉटेल. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर तिच्याहून पांढरी बशी. मालक मिशीवाला. मला लांबून पाहिलं की तो उभा राहायचा आणि आत खानसाम्याला ओरडून सांगायचा की आपला हिंदुस्थानी आला, त्याची भांडी वेगळी काढा. मग लोण्यात परतलेली वांगी, दुधात शिजवलेले बटाटे असं करत करत सात पदार्थ यायचे. सुरुवातीला ते तीन होते. बारा वर्षांत सात झाले. ऐकणारी माणसं तीच असायची आणि त्यांना दरवेळी शिळंच वाढणं मला बरं वाटत नव्हतं.

असं हॉटेल मार्सेयमध्ये नव्हतं. निदान मी तरी पाहिलेलं नाही.

मी तिथे होतो, एवढं मात्र खरं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. खामगावच्या ज्या तेलगिरणीत मी फिटर होतो तिच्या मालकांनी सरकीचं तेल काढायचं नवं यंत्र मागवलं. ते यंत्र मार्सेयच्या एका कारखान्यात तयार होत होतं, आणि ते उघडायचं कसं, बसवायचं कसं हे शिकायला कुणीतरी सात महिने तिकडे जाणं भाग होतं. गिरणीत लग्न न झालेला आणि थोडंफार इंग्रजी वाचणारा असा मी एकटाच. तिथे इंग्रजी कुणालाच येत नाही, हे जहाजातून उतरल्यावर कळलं.

घरात मात्र प्रश्न यंत्राचा नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. आईनं निघायच्या दिवशी माझ्या गळ्यातली माळ बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हे अशीच घेऊन ये. तू येईस्तोवर मी दूध-तूप सोडलं." तिचा आवाज चढला नाही. वाण्याकडे काय काय आणायचं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. पण त्या सात महिन्यांत तिच्या ताटात तूप पडायचं की नाही हे माझ्या तोंडात काय जातं यावर ठरणार होतं, आणि हे ओझं घेऊन मी जहाजात चढलो.

मार्सेयला पहिला दीड महिना मी पाव, केळी आणि दूध यांवर काढला. पाव हातभर लांबीचा, काखेत धरून न्यायचा. पाववाल्याच्या दुकानात दिवसातून तीनदा ताजा यायचा आणि अर्धा मागितला तर अर्धा कापून द्यायचे. बंदरापासून वर चढत गेलं की भाजीबाजार लागायचा. तिथली वांगी आपल्या वांग्यांच्या आजोबांसारखी, एकेक दोन्ही हातांनी उचलावं अशी. लसणाच्या माळा, टमाटे, कांदे सगळं होतं, पण माझ्या खोलीत चूल नव्हती आणि घरमालकिणीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवून आधीच मान हलवली होती. खाणावळींच्या दारापर्यंत जायचो. आतल्या ताटात काय आहे ते काचेतून ओळखू यायचं नाही, म्हणून परत फिरायचो. कारखान्याच्या मागे यंत्रं चालवून पाहताना उरलेल्या सरकीच्या ढेपेचा ढीग असायचा. त्याचा वास थेट खामगावचा. जेवणाच्या सुटीत मी तिथे जाऊन पाव खायचो. ढेप बैलांची आणि वास माझा.

एका रविवारी समुद्रकाठी एक गाडीवाला काहीतरी तळताना दिसला. जवळ जाऊन पाहतो तर हरभऱ्याच्या डाळीचं पीठ घट्ट शिजवून, थापून, कापून ठेवलेलं. आमच्याकडची पाटवडीच ती. फक्त हे लोक ती रश्श्यात न सोडता तेलात सोडतात आणि मीठ भुरभुरून कागदाच्या पुडीत देतात. मी दोन पुड्या उभ्याउभ्या संपवल्या आणि तिसरी खिशात घातली. पण तो गाडीवाला फक्त रविवारी यायचा. माणसाला भूक सोमवारीही लागते.

दीड महिन्यानंतर मला चक्कर यायला लागली. भाजीबाजाराच्या वरच्या अंगाला एक अरुंद, चढाची गल्ली होती. समुद्रापलीकडून, अल्जीरियातून आलेली माणसं तिथे राहायची. तिथून सुक्या मिरचीचा आणि जिऱ्याचा वास येतो म्हणून मी आत शिरलो आणि एका दुकानासमोर खाली बसलो. बसलो म्हणजे पाय गेले. दुकानात एक म्हातारी होती. डोक्याला फडकं, हनुवटीवर हिरवं गोंदण. तिनं मला काखेत हात घालून उचललं आणि रव्याच्या पोत्यावर बसवलं. आमच्या शेजारच्या मुसलमान म्हातारीला आम्ही सगळे खाला म्हणायचो. माझ्या तोंडून तेच निघालं. ही खाला चमकून वळली. खामगावहून नेलेला तेवढा एक शब्द तिथे चालला.

दुकानाच्या मागच्या बाजूला तिनं चार स्टुलं टाकलेली होती. गोदीतले मजूर दुपारी तिथे जेवायचे. एकच पातेलं. अख्खे हरभरे, टमाटे, जिरं, लाल तिखट आणि वरून कोथिंबीर. सोबत रव्याची जाड रोटी. तिनं वाडगा माझ्या हातात दिला आणि मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या रश्श्यात मटण शिजतं हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, एक हाडूक दाताखाली आलं तेव्हा. चौथ्या दिवशी मी पुन्हा गेलो.

असे चार महिने. खायच्या आधी मी माळ काढून खिशात ठेवायचो आणि गल्लीतून बाहेर पडलो की गळ्यात घालायचो. जणू माळ खिशात असली म्हणजे तिला ऐकू येत नाही.

परत आलो तेव्हा आई खामगावच्या स्टेशनात उभी होती. वाळून अर्धी झालेली. तिनं आधी गळा चाचपला, माळ हाताला लागली, मग माझ्याकडे पाहिलं. बरोबर आलेल्या कुणीतरी विचारलं, "तिथं खाल्लं काय बे तुनं सात महिने?" मी आईकडे पाहिलं आणि म्हणालो, "एक हॉटेल होतं. बंदरावर." त्याच क्षणी ते हॉटेल बांधून झालं. पांढऱ्या चादरी त्याच संध्याकाळी आल्या. मिशीवाला मालक पुढच्या आठवड्यात.

आईनं मारुतीला पुरणाचा नैवेद्य केला आणि दूध-तूप पुन्हा धरलं. आणखी एक गोष्ट तिनं केली. आमच्या घरून दर शनिवारी मारुतीला नैवेद्याचं ताट जातं, ते वडील गेल्यापासून ती स्वतः न्यायची. ते तिनं माझ्या हातात दिलं. "परमुलखातून माळ सांभाळून आनली त्यानं," ती आल्या-गेल्याला सांगायची. पुढे माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या, गिरणीत मी फिटरचा मुख्य फिटर झालो, आणि बारा वर्षं दर शनिवारी ताट घेऊन मारुतीला जात राहिलो. मारुतीनं कधी काही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

बारा वर्षांनी माझ्या भाचीच्या नवऱ्याला त्याच्या कंपनीनं वर्षभरासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. जहाजाच्या इंजिनांचं काही काम होतं, आणि शहर मार्सेय. दुसरबीडला बहिणीच्या घरी आनंदाची अशी लाट आली की विचारू नका. पोरगी पहिल्यांदा परदेशात चालली आणि तेही मामाच्या गावाला. हे बहिणीचं बोलणं. तिच्या मते मार्सेय आता जवळजवळ माझ्याच नावावर होतं.

निघायच्या आधी आठ दिवस भाची तिच्या आईबरोबर खामगावला आली. तिसरा महिना लागला होता, तोंडाला चव नव्हती, तरी ती हसत होती. तीही माळकरी घरातली, पण तिनं कुणाला वचन बिचन दिलं नव्हतं. तिला फक्त मांस चालत नव्हतं. शंभर पानी वही तिनं माझ्यापुढे ठेवली.

"मामा, मले यात सगळं लिहून द्या. कुठी जेवाचं, काय कुठी भेटते. हे तं सकाळी जातील ते संध्याकाळी येतील. मी एकटीच राहीन तिथं."

"लिहितो की."

"नकाशा बी काढा. माहं डोकं चालत नाही नव्या जागी."

समोर आई गहू निवडत बसली होती. पाटावर बायको. बहीण दारात. चौघींच्या समोर मी वही उघडली आणि पहिल्या पानावर बंदर काढलं. बंदराच्या कोपऱ्यावर एक चौकोन काढला आणि त्यात 'हॉटेल' असं लिहिलं. त्याखाली पाववाल्याचं दुकान, अर्धा पाव कसा मागायचा, भाजीबाजार, वांगी केवढी असतात ते, रविवारची पाटवडीची गाडी. हे सगळं खरं होतं. नकाशा वर चढत त्या गल्लीपाशी आला आणि पेन थांबलं.

गल्ली काढलीच नाही तर चाललं असतं. पण वासामागे पोरगी आत जाईल, कुणी सांगावं, म्हातारी जिवंत असेल, माझं सांगेल, हातवारे करून का होईना पण सांगेल, आणि ते पत्रातून घरी येईल. मी गल्ली काढली आणि तिच्या तोंडाशी लिहिलं, 'इथे जाऊ नये. वस्ती चांगली नाही.'

भाचीनं वाकून वाचलं. "बरं झालं सांगतलं," ती म्हणाली. "मी गेली असती बावळटासारखी."

ज्या बाईनं मला रव्याच्या पोत्यावर बसवलं होतं, तिच्या दाराला मी असं कुलूप लावलं. त्या दिवशी मला वाटलं ते एवढंच, की चला, सुटलो.

ती गेल्यावर पाच आठवड्यांनी निळं पत्र आलं. पत्र माझ्या नावाचं, पण आमच्याकडे पत्र कुणाच्याही नावाचं असलं तरी दुपारी आईसमोर मोठ्यानं वाचायचं अशी रीत. मी गिरणीतून जेवायला आलो तर बायको वाचत होती. पत्रातली भाची पुस्तकी भाषेत लिहायची, शाळेत पहिली यायची म्हणून.

'मामा, तुमचं हॉटेल सापडलं नाही. नकाशातल्या जागी जहाजाची तिकिटं विकतात. शेजारच्या म्हाताऱ्या न्हाव्याला यांनी विचारलं, तो तीस वर्षं तिथे आहे, तो म्हणतो असं हॉटेल इथे कधी नव्हतंच. बहुधा आम्हाला नीट विचारता आलं नसेल.'

बायकोनं वर पाहिलं आणि पुढे वाचलं. पोटात काही ठरत नव्हतं. बंदरावरून मासळीचा वास आला की तिला उलटी व्हायची. पाव घशाखाली उतरत नव्हता. बरोबर नेलेलं डाळीचं पीठ आणि तिखट तीन आठवड्यांत संपलं होतं. वजन चार किलो उतरलं होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असंच चाललं तर बाळाला धोका आहे, दवाखान्यात ठेवावं लागेल. मग शेवटचा परिच्छेद होता. तो मला अजून पाठ आहे.

'ज्या गल्लीत जाऊ नये असं तुम्ही लिहिलंय, तिथून मिरचीच्या फोडणीचा वास येतो. मी रोज तिच्या तोंडाशी जाऊन पाच मिनिटं उभी राहते. मग तुमची वही आठवते आणि परत येते.'

बायकोनं पत्र घडी केलं. "त्या गल्लीत काय आहे हो?"

"काय असणार."

"मंग हॉटेल कुठी गेलं?"

"बारा वर्षांत हॉटेलं बंद होत नाहीत का?"

"तो न्हावी तीस वर्षांपासून हाय म्हंते तिथं."

आई गहू निवडतच होती. तिनं मान वर केली नाही. मी ताटावर बसलो, हात धुतला आणि न जेवता उठलो. भूक गेली होती असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर चांगली लागली होती. वांग्याचं भरीत होतं. फक्त त्या ताटासमोर बसवेना.

पत्र पोचायला आठ-नऊ दिवस लागणार. मी तडक तार ऑफिसात गेलो. तारेचा कागद घेतला आणि पहिल्यांदा इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'गल्लीत जा. चांगली माणसं आहेत.' मग वाटलं, ही पोरगी वहीवर विश्वास ठेवून वासापासून परत फिरणारी. तिला नीट कळायला हवं. तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'हॉटेल खोटं. गल्लीत जा. मी तिथेच जेवत होतो. खालाच्या दुकानात विचार. मामा.'

तारमास्तर आमच्या ओळखीचे. माझ्या धाकट्या मेव्हण्याच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला बसलेले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला, शब्द मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दावर थांबले.

"खोटं म्हंजे?"

"खोटं म्हंजे नव्हतं."

"अन् त्या पांढऱ्या चादरी?"

"त्याही."

"मिशीवाला?"

"मास्तर, तार जाऊ द्या ना."

"जाते हो. जाऊन राह्यली." ते कट्ट कट्ट करायला लागले आणि मधेच मान वळवून म्हणाले, "पन तुमी सांगत लय चांगलं होते."

मला ठाऊक होतं की संध्याकाळी हे चावडीवर असेल आणि उद्या सकाळी आमच्या गल्लीत. आईला ते नळावर कळण्याआधी माझ्याकडून कळायला हवं होतं. तार ऑफिसपासून घर दहा मिनिटांचं. मला तास लागला. वाटेत उगाच सायकलच्या दुकानात थांबून एका माणसाचं पंक्चर पूर्ण निघेस्तोवर पाहिलं.

आई ओसरीवर होती. सूप बाजूला ठेवलेलं. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाव, केळी, चक्कर, पोतं, वाडगा, तिसऱ्या दिवसाचं हाडूक. चौथा दिवसही सांगितला. तो सांगायला सगळ्यात जड गेला, कारण पहिल्या तीन दिवसांचं खापर न कळण्यावर फोडता येत होतं.

तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, "किती दिवस?"

"चार महिने."

"रोज?"

"रविवारी तिचं दुकान बंद राह्यचं."

"माळ?"

"काढून खिशात ठेवत होतो."

तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडेल, किंवा उठून आत जाईल. मीच म्हणालो, "माळ काढून देऊ का?"

"मले काऊन ईचारतं? तुले काढता येते की."

हे तिनं अगदी साध्या आवाजात म्हटलं. मग तिनं विचारलं, "त्या बाईचं नाव काय?"

"खाला म्हणत होतो."

"ते तं मावशी झाली. नाव काय तिचं?"

मी आठवून पाहिलं. आठवण्यासारखं काही नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"चार महिने तिच्या हातचं जेवला," आई म्हणाली, "अन् नाव नाई ईचारलं. अन् पोरीले लिहून देल्लं का तिथं जाऊ नको, वस्ती खराब हाय. खराब कोन हाय रे, बाबू? ते का तू?"

मी सांगत होतो मांसाचं. ती भलतीकडेच बोट ठेवून बसली होती, आणि बोट अगदी बरोबर जागी होतं.

शनिवार दोन दिवसांवर होता. त्या दिवशी मी अंघोळ करून, धोतर नेसून नेहमीसारखा देवघरापाशी उभा राहिलो. आईनं ताट उचललं, पदराखाली घेतलं आणि माझ्या बाजूनं निघून गेली. तिचे गुडघे तेव्हा इतके दुखायचे की नळापर्यंत जायचं तर भिंत धरून जायची. मारुती दोन गल्ल्या पलीकडे. मी मागून निघालो. हात धरू दिला नाही, ताट तर नाहीच. दोन गल्ल्यांना तिला अर्धा तास लागला. लोक दारात उभं राहून पाहत होते. तार सगळ्यांना पोचली होती.

मार्सेयहून मात्र काहीच येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. बहीण दुसरबीडहून येऊन बसली. ती माझ्याशी बोलत नव्हती, माझ्या समोर माझ्या बायकोशी बोलायची. "वहिनी, यायले ईचारा, पोरीचं काई झालं तं कोन्त्या हॉटेलात जेवाले जाईन मी." बायको मला विचारायची नाही आणि मी उत्तर द्यायचो नाही. रोज पोस्टमन आमच्या दारावरून जाईस्तोवर घरात कुणी भाकर टाकत नव्हतं.

अठराव्या दिवशी निळं पत्र आलं. बायकोनं ते फोडायच्या आधी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "वाच."

भाचीनं लिहिलं होतं की तार मिळाली त्याच दुपारी ती गल्लीत गेली. ती म्हातारी तीन वर्षांपूर्वी वारली होती. दुकान तिची मुलगी चालवत होती. भाचीनं दारात उभं राहून 'खाला' म्हटलं तर ती बाई हातातलं माप टाकून बाहेर आली. आईला दुकानात खाला म्हणणारा एकच माणूस तिला आठवत होता, वाळकुडा, जेवायच्या आधी गळ्यातले लाकडी मणी काढून खिशात ठेवणारा. तिनं भाचीला आत नेलं, रव्याच्या पोत्यावर बसवलं आणि वाडगा भरला.

'मी हातानं थांबवलं,' भाचीनं लिहिलं होतं. 'मांस चालत नाही हे बोटांनी शिंगं करून आणि मान हलवून सांगितलं. तिला लगेच कळलं. तिनं छोटं पातेलं काढून माझ्यापुरते हरभरे वेगळे शिजवले. आता रोज माझं पातेलं वेगळं असतं. डाळीचं पीठही तिच्याकडे आहे. काल मी झुणका केला आणि तिला दिला. पोटात ठरला. मामा, तुम्ही तिच्या आईला सांगितलं नव्हतं का?'

बायको थांबली. बहिणीनं पदर डोळ्याला लावला, तो पोरीसाठी. मी खांबाला टेकून उभा होतो. बारा वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की परमुलूख होता, भूक होती, दुसरा इलाज नव्हता. इलाज दोन बोटांची शिंगं करण्याएवढा होता. मी मागितलंच नव्हतं. कदाचित मला ते वेगळं पातेलं नकोच होतं. तो रस्सा चांगला लागत होता. हे मी आईला सांगितलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितोय, आणि आता ती वाचायला नाही.

पत्राच्या शेवटी त्या म्हातारीचं नाव होतं. तार गेल्यावर आईनं बायकोकडून भाचीला वेगळं पत्र लिहून घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यात एकच प्रश्न होता. आईनं बायकोकडून ते नाव चारदा वदवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून पाहिलं. तिच्या जिभेवर ते थोडं वाकडं बसलं, पण बसलं. पुढे भाचीला मुलगा झाला तेव्हा इथून बाळंतविडा गेला. त्यात एक जादा लुगडं होतं, दुकानातल्या मुलीसाठी. गाठोडं बांधताना आई म्हणाली, "तिच्या मायसाठी आता काय धाडू?" आणि तीळ-जवसाच्या चटणीचा डबा त्यात ठेवला.

ताट मला परत मिळालं नाही. आई चालू शकत होती तोवर तिनं नेलं. मग एका शनिवारी तिनं ते माझ्या बायकोच्या हातात दिलं. मी तिथेच उभा होतो. आता बायको नेते. मी मागून चालतो, पाऊस असेल तर छत्री धरतो. देवळात ती ताट ठेवते आणि मी पायरीवर थांबतो.

लग्नात अजूनही कुणीतरी म्हणतं, मामाले बसवा खुर्चीवर. मी बसतो. मार्सेयला कुठे जेवायचं ते सांगतो. बंदरापासून वर चढायचं, भाजीबाजार ओलांडायचा, मिरचीचा वास आला की आत वळायचं. जाऊन त्या बाईचं नाव सांगायचं. ते नाव मी सांगतो. मग गोष्ट संपते आणि भात बहुतेक वेळा शिजलेला नसतो.